भिंतीवरची शिवप्रिया

१

शुक्रवारी सकाळी साडेसहाला कस्तुराबाईंनी भोजनगृहाचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि उंबऱ्यातूनच मला हाक मारली.

"निकिता मॅडम, या बरं इकडं. चहा राहू द्या, आधी या."

कस्तुराबाई आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. वीस वर्षांत त्यांचा आवाज कधी चढला नाही, की कधी उतरला नाही. त्या दिवशी तो जरा उतरला होता, म्हणून मी चहा ठेवून गेले.

परंड्याहून कुर्डुवाडीला जाताना सहा किलोमीटरवर उजव्या हाताला आमची मुलींची निवासी शाळा लागते. बेचाळीस मुली आणि मुक्कामाला आम्ही पाच माणसं. बाकीचे शिक्षक तीनच्या एसटीनं परततात. भोजनगृहाच्या लांब भिंतीवर नववीच्या मुलींनी दोन महिने खपून एक मोठं चित्र काढलं होतं. हातात ताटं घेऊन जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या आमच्याच मुली. खऱ्या बेचाळीस, आणि सगळ्यांत पुढं त्रेचाळिसावी, शिवप्रिया. ती सप्टेंबरात डेंग्यूनं गेली.

चित्रात तरी ती काल संध्याकाळपर्यंत होती. आता तिच्या जागी पांढराफेक चुना होता. सतरंजीएवढा तुकडा तेवढा कुणीतरी पद्धतशीर पोतून काढला होता. मागच्या बेचाळीस जणींना एक शिंतोडाही उडालेला नव्हता.

मी त्या पांढऱ्यावरून बोट फिरवलं. पीठ लागावं तसं बोटाला लागलं, ते मी ओढणीला पुसलं.

"काल सहाला म्या स्वतः कुलूप लावलं," कस्तुराबाई म्हणाल्या. "तवा चित्र जिथल्या तिथं होतं. ह्या डोळ्यांनी बघितलं. चावी रात्रभर माझ्या कमरेला. मधी एकदाच दिली, सात वाजता."

"कुणाला?"

कस्तुराबाईंनी चावी पदराखाली लपवली, आता लपवून काही उपयोग नसताना.

"वैष्णवीला," त्या म्हणाल्या.

ते चित्र ज्या मुलीनं आखलं, शिवप्रियाचा चेहरा जिनं दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नाही, ती वैष्णवी.

२

मुख्याध्यापक उमाशंकर सरांच्या खोलीत वैष्णवी खाली मान घालून उभी होती. वय चौदा, वेण्या घट्ट, हात मागे. सरांनी हात पुढं करायला सांगितले. नखांत चुना होता, बाहीच्या काठाला चुना होता. आणखी पुरावा तो काय हवा?

सर बोटांवर मोजत एकेक मुद्दा सांगत गेले. भोजनगृहात संमेलनाचं सामान ठेवलेलं, म्हणून गुरुवारी रात्रीचं जेवण मैदानावर झालं. त्यामुळं सहाला लावलेलं कुलूप फक्त एकदा उघडलं. वैष्णवीनं सातला 'ब्रश राहिलेत' म्हणून चावी नेली, साडेसातला परत आणली, आणि हातात ब्रश नव्हते. चुन्याचं पिंप तर भोजनगृहाच्या मागच्या दारातच आहे. शनिवारी संमेलन, म्हणून झाडांच्या बुंध्यांना आणि कडेच्या दगडांना फासायला तो भिजत घातला होता.

"आणि कारण?" मी विचारलं.

"कारण मीच." सरांनी चष्मा काढला. "गेल्या आठवड्यात मी हिला म्हटलं, तो चेहरा काढून टाक. पालक येणार, नको त्या गोष्टी निघणार. हिनं ऐकलं नाही. मग मी म्हटलं, राहू दे, पण यापुढं भिंतीवर एक रेघ मारायची नाही. तर हिनं ब्रश आपटला. शिवप्रियाच्या ताटातलं तेवढं रंगवायचं राहिलं होतं, ते तसंच राहिलं. तोच राग आहे हा."

उमाशंकर सर माणूस वाईट नाही, भित्रा आहे. शाळेत मुलगी गेली तेव्हापासून फोन वाजला तरी दचकतात.

"उद्या शिवप्रियाच्या आईच्या हस्ते दीपप्रज्वलन आहे," ते म्हणाले. "पार्वतम्मांना मी काय दाखवू? हिच्या वडिलांना फोन केलाय. चारपर्यंत येतील. पेटी भरून ठेव गं."

वैष्णवी वळली आणि पेटी भरायला गेली.

तिचे वडील मल्हार तामलवाडीचे. सहावीत तिला सोडायला आले तेव्हाच सांगून गेले होते, एक तक्रार आली तरी घरी नेईन. घरी नेल्यावर काय होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. थोरल्या बहिणीचं लग्न दहावीच्या आधीच उरकून टाकलं होतं. वैष्णवी त्या दारातून पेटी घेऊन बाहेर पडली की तिचं शिक्षण तिथंच संपणार होतं.

"सर, चारपर्यंत मला चौकशी करू द्या," मी म्हटलं.

माझं मलाच नवल वाटलं. मला तिची दया आली म्हणावं, तर तसं काही नव्हतं. सप्टेंबरात शिवप्रियाला बार्शीच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले होते, चार दिवस तिच्या उशाशी मीच बसले होते. पाचव्या दिवशी तिथून परत आले ती अशीच आले. जेवते, तास घेते, झोपते. कशाचंच काही वाटत नाही. लोक म्हणतात, मॅडम किती खंबीर. खंबीर कसली, बधिर झाले होते. चौकशीला मात्र हे बरं पडतं. कुणाचा राग नाही, कुणाची कीव नाही.

"चारपर्यंत," सर म्हणाले. "चार वाजून पाच मिनिटांनी नाही."

३

वैष्णवी पेटीपाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"तू केलंस?"

तिनं एक घडी पेटीत ठेवली.

"हाताला चुना कसा लागला?"

"लागला."

"ब्रश का नाही आणलेस?"

"लाइट गेली होती. अंधार होता."

"अंधारात अर्धा तास काय करत होतीस?"

तिनं एक फ्रॉक उलगडला आणि पुन्हा तशीच घडी घातली. हात शांत होते. मला वाटलं, हिच्यातही माझ्यासारखंच काहीतरी गोठलंय. शिवप्रिया आणि ही एका ताटात जेवायच्या, एका पांघरुणात झोपायच्या. ती गेल्यावर या मुलीनं कुणाशी दहा वाक्यं सलग बोललेली मी ऐकली नव्हती. विचारलंही नव्हतं, हे खरं.

"वैष्णवी, तुझे वडील निघालेत. आज गप्प बसलीस तर कायमची गप्प बसशील. तू कुणाला पाठीशी घालतेयस का?"

तेव्हा तिनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आपण एखादी वस्तू नीट ठेवली आहे ना ते पाहावं तसं. मग पुन्हा घडीकडं वळली.

"मॅडम, पुढच्या वर्षी पण चित्रकला तुम्हीच शिकवणार ना?"

घरी पाठवत असलेल्या मुलीनं पुढच्या वर्षीचं विचारावं, हे मला विचित्र वाटलं. पण मी त्यावर थांबले नाही. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं.

४

कस्तुराबाई ओट्यावर बसून सुईदोऱ्यानं झेंडूचं तोरण ओवत होत्या. बोटं भराभर चालत होती.

"मॅडम, माझा त्या लेकरावर राग न्हाय," त्या म्हणाल्या. "पण बघितलेलं न बघितलं कसं म्हणू? सहाला कुलूप लावताना चित्र होतं. आन् कसं होतं सांगू? रंग नुसते चकचकत होते, जणू आत्ताच मारलेत. बल्ब लावला तर चमकी मारली भिंतीनं. म्या म्हणलं, पाहुणे येणार म्हणून पोरींनी भिंत पुसून घेतली वाटतं. खालची फरशीबी ओलीच होती."

"म्हणजे चेहरा दिसत होता? नक्की?"

"अवो, तिचं नाकडोळे सगळे दिसत होते. जरा धुक्यातल्यासारखं वाटलं, पण माझं चष्म्याचं असंच हाय."

"आणि काल दुपारी तुम्ही कुठं होता?"

"हापिसात. पाहुण्यांना चिठ्ठ्या लिहीत. तुमी समदे मैदानावर धुडगूस घालत होता की."

ते मला सांगायला नकोच होतं. साडेतीन ते पाच लेझमीची तालीम होती. चाळीस मुली खेळत होत्या, एक शिट्टी वाजवत होती आणि हलगीवर वैष्णवी होती. मी समोर खुर्ची टाकून बसले होते. सर आणि शिपाई महारुद्रमामा मांडवाचं सामान आणायला टेंपोनं परंड्याला गेले होते, ते पाचच्या ठोक्याला आले. पण या सगळ्याचा उपयोग काय? गुन्हा घडला सहानंतर. दुपारी कोण कुठं होतं, हे विचारून मी नुसता वेळ घालवत होते.

सकाळी सामान मांडवात हलवलं होतं, त्यामुळं बाराला जेवणाची घंटा भोजनगृहातच झाली. मुली ताटं घेऊन गेल्या आणि आतून आनंदाचा गलका झाला. शुक्रवार असून खिचडी होती! आमच्याकडं खिचडी फक्त सोमवारी. एरवी रोज ज्वारीची भाकरी, आमच्या स्वयंपाकीणबाई शांतम्मांच्या हातची, एकेक परातीएवढी. मुली कंटाळलेल्या असतात, पण परंड्यातनं आलेले पाहुणे ती भाकरी मागून खातात.

मी दोन घास खाल्ले. चव लागली नाही, ती तशीही लागत नव्हती. समोर पांढरा तुकडा होता. घड्याळात साडेबारा झाले होते, आणि वैष्णवीविरुद्धची कस्तुराबाईंची साक्ष सकाळपेक्षा जास्तच पक्की झाली होती.

५

महारुद्रमामा फाटकापाशी बसून कडेच्या दगडांना चुना फासत होते. वय साठीच्या पुढं, डोक्याला टॉवेल, तोंडात तंबाखू.

"मामा, तुमच्या पिंपातला चुना कुणी नेला?"

"म्हायती न्हाय बा. परवाच्याला भिजत घातला. काल परंड्यावरनं आलो तवा चार बोटं कमी दिसला. म्या म्हणलं, आटला आसंल."

त्यांनी कुंचला बुडवून एका काळ्या दगडावर फिरवला. मी पाहत होते. दगड काळाच राहिला. ओला, तुकतुकीत, उलट जास्तच काळा.

"मामा, लागलाच नाही की. पाणी जास्त झालंय तुमचं."

मामा हसले. "शहरातल्या डब्यातला रंग न्हाय त्यो, मारला की दिसायला. चुना हाय. ओला असतो तवर दिसत न्हाय. त्याला वाळू द्या, मग बघा. म्या सकाळी ते तिकडचे मारले, बघा जावा."

तिकडचे दगड उन्हात दुधासारखे पांढरे झाले होते. मी परत आले. नवीन दगडापाशी उकिडवी बसून राहिले. बारा वर्षं मी चित्रकला शिकवतेय, पोस्टर कलर आणि तेलरंग सोडून कशाला हात लावलेला नाही. चुना मी पाहिला होता तो वाळलेलाच. हळूहळू दगडाच्या कडा करड्या झाल्या, मग राखाडी, मग मधूनच एक पांढरा डाग उमटला आणि पसरत गेला.

"आणि भिंतीवर? तेलरंगावर मारला तर?"

"त्यो पाणी पीत न्हाय ना. मग लई येळ लागतो. ह्या थंडीत, बंद खोलीत, दोन-तीन तास कुठं गेले न्हाईत."

मी त्या सकाळच्या पांढऱ्या दगडावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ राहिलं.

"मामा, हा हाताला का लागत नाही?"

"लागंल कसा? डिंक घातलाय. काल पाचला टेंपोतनं उतरलो आन् पैलं काम त्येच केलं. चुलीवर डिंक पातळ केला, पिंपात वतला, ढवळला. डिंक न्हाय तर चुना कपड्याला लागतो."

पाचला. मी उठून उभी राहिले. गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या.

भिंतीवरचा चुना माझ्या बोटाला लागला होता. म्हणजे त्यात डिंक नव्हता. म्हणजे तो पिंपातून पाचच्या आधी काढलेला होता.

६

मग सगळं एका ओळीत आलं.

कस्तुराबाई खरंच बोलत होत्या. सहाला त्यांनी चित्र पाहिलं, पण पाहिलं ते ओल्या चुन्यातून. केव्हाच वाळलेले रंग 'आत्ताच मारल्यासारखे' चकचकतील कशाला? चष्म्याचं धुकं चष्म्याचं नव्हतं. त्यांनी कुलूप लावलं तेव्हा काम उरकलेलं होतं. रात्री बंद खोलीत त्याला फक्त पांढरं व्हायचं होतं. वैष्णवी सातला आत गेली तेव्हा ते होऊ लागलं होतं. तिनं हात लावला आणि तो हाताला आला.

म्हणजे प्रश्न सहानंतरचा नव्हताच. साडेतीन ते पाच, भोजनगृहाच्या आसपास कोण होतं? वैष्णवी नव्हती. हलगी थांबली की लेझीम थांबते, आणि दीड तासात लेझीम एकदाही थांबली नव्हती. सर आणि मामा परंड्यात. मी मैदानावर. उरल्या दोघी, कस्तुराबाई आणि शांतम्मा.

भिंतीवर कुंचल्याचे उभे-आडवे फटकारे नव्हते. जाऊन नीट पाहिलं तर अर्धगोल दिसत होते, एकाला एक लागून. चूल सारवतात तसं फडक्यानं, हातानं केलेलं काम. भिजलेल्या चुन्यात उघडा हात अर्धा तास घातला, तर दुसऱ्या दिवशी कातडी सोलून निघते. कस्तुराबाईंची बोटं सकाळी सुईदोऱ्यावर भराभर चालत होती.

आणि शुक्रवार असून आज भाकरी नव्हती.

शांतम्मा चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या. त्या उमरग्याकडच्या, कर्नाटकाच्या सीमेवरच्या. रागावल्या की कानडीत रागावतात, लाड केले की कानडीतच करतात. हात मांडीवर उताणे ठेवले होते. तळवे तेल-हळदीनं पिवळे, आणि मधे लालबुंद भेगा.

"भाकरी थापता येत नाही ना?" मी विचारलं.

त्यांनी हात झाकले नाहीत. "कडत पाणी सोसवंना, बाई. म्हणून खिचडी टाकली."

"का केलंत शांतम्मा?"

"तुमाला दोनदा सांगितलं की म्या." त्या चुलीकडं बघत बोलत होत्या. "बाई, त्या लेकराच्या ताटात कायतरी वाढा म्हणलं. समद्या पोरींच्या ताटात भाकरी, कालवण, सगळं काढलंय. ह्या एकीचंच ताट रिकामं. सगळ्यांत पुढं उभी, आन् उपाशी. रोज म्या वाढताना माझ्याकडं ताट करून उभी. तुमी म्हणला, बघू. दुसऱ्यांदाबी म्हणला, बघू. तुमचं तोंड असं व्हतं, जणू म्या मीठ संपलं म्हणून सांगितलं."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं.

"उद्या तिची आई येणार. अव्वा, आईनं काय बघायचं? लेकरू मेल्यावरबी शाळेत उपाशी उभं हाय, हे? पार्वतम्मा माझ्या माहेरच्या गावची हाय. म्या तिला तोंड कसं दाखवू? मला चित्र काढाय येत असतं तर म्याच भाकरी काढली असती. येत न्हाय. मग म्हणलं, एक दिस झाकावं. डिंक घालायच्या आत चुना घेतला, मुद्दाम. ओलं फडकं फिरवलं की निघतोय. परवा पुसून टाकणार व्हते."

"मग सकाळपासून गप्प का बसलात? त्या पोरीला घरी पाठवतायत."

"कुठल्या पोरीला?"

"वैष्णवीला. तिनंच केलं म्हणून. तिचे वडील न्यायला येतायत."

शांतम्मांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. स्वयंपाकघरात बातमी शेवटी पोचते, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. त्या पाटावरून उठल्या, पदर खोचला आणि तशाच पिवळ्या हातांनी दाराकडं निघाल्या.

बाहेर रस्त्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला. चारला दहा कमी होते.

७

मल्हार सरांच्या खोलीत उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नव्हते. शेजारी लोखंडी पेटी, पेटीशेजारी वैष्णवी.

मी चुन्याचं, डिंकाचं आणि हलगीचं सांगितलं. शांतम्मांनी हात पुढं करून दाखवले. दोन वाक्यांत त्यांचं सांगून झालं. सर कितीतरी वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"शांतम्मा," ते शेवटी म्हणाले, "शाळेच्या भिंतीला न विचारता... संस्थेला मला काहीतरी लिहावं लागेल. उद्यापासून तुम्ही..."

"व्हय सर," शांतम्मा म्हणाल्या. "जाते म्या. लेकराला ठिवा."

"थांबा जरा," मल्हार म्हणाले. त्यांचं लक्ष मुलीकडं होतं. "म्या दोन एसट्या बदलून आलोय. हिनं केलं न्हाय, तर हिनं तोंड का उघडलं न्हाय? काय गं? मुकी झाली व्हतीस?"

वैष्णवीनं माझ्याकडं पाहिलं. सकाळी पाहिलं होतं तसंच.

"मला वाटलं मॅडमनी केलंय."

सरांनी पेपरवेट खाली ठेवला.

"मी आत गेले तवा लाइट नव्हती," ती म्हणाली. "हात लावला तर चुना. पुसायला लागले, मग वाटलं, शिवप्रियाचा चेहरा मॅडमनी झाकला असंल तर आपण कशाला पुसायचं. मग अंधारातच बसून राहिले. मॅडम तिचं नावच घेत नव्हत्या. वर्गातलं तिचं चित्र मॅडमनी काढून ठेवलं. भिंतीपाशी आल्या की मॅडम दुसरीकडं बघायच्या. मला वाटलं, त्यांना बघवंना." ती थांबली. एवढं सलग बोलायची सवय गेली होती. "मॅडमचं नाव सांगितलं असतं तर त्यांना काढलं असतं. मग चित्रकलाच बंद. मी गेले असते तर एकटीच गेले असते."

मला लाज वाटली. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ती लाज निघाली. ही पोर माझ्यासाठी पेटी भरून बसली होती, आणि तिची जवळची मैत्रीण गेल्यावर तू कशी आहेस हेसुद्धा मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिनं माझ्यावर संशय घेतला यात तिची काय चूक? मी वागतच होते तशी.

मी सरांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं. भोजनगृहाची भिंत कलाशिक्षिका या नात्यानं माझ्या ताब्यात होती. शांतम्मांनी त्या चित्राबद्दल मला दोन वेळा सांगितलं. मी लक्ष दिलं नाही. जे झालं त्याची जबाबदारी माझी आहे. खाली सही केली.

सरांनी कागद दोनदा वाचला. त्यांना एक नाव हवं होतं, ते मिळालं. "लेखी ताकीद द्यावी लागेल, मॅडम."

"द्या."

"मग... शांतम्मा, तुम्ही संध्याकाळचं बघा."

मल्हार अजून मुलीकडंच बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाची मुलगी समोर उभी होती. मग त्यांनी वाकून पेटी उचलली.

"खोली कुठली हिची?" त्यांनी कस्तुराबाईंना विचारलं. "पेटी जड हाय. म्याच ठिवून जातो."

ते गेल्यावर मी वैष्णवीला म्हटलं, "उद्या तिची आई येणार. भिंत तुझी आहे. झाकलेली ठेवायची, की पुसायची?"

तिनं विचार केला. "पुसू. तुम्ही पुसा. मी रंग काढते."

मी बादली घेतली, फडकं भिजवलं. डिंक नसलेला चुना खरंच सहज निघत होता. आधी केस आले, मग कपाळ. मी खालपर्यंत पुसत गेले आणि मग मागं सरून तो चेहरा पाहिला. दोन महिने माझ्या देखरेखीखाली रंगवलेला चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहत होते. सवयीनं चूक दिसलीच.

"डावा डोळा वर गेलाय बघ जरा," मी म्हटलं. "दोन्ही एका रेषेत नाहीत."

वैष्णवी माझ्यामागं ताटातल्या भाकरीसाठी पिवळ्या रंगात पांढरा कालवत होती. तिनं वर पाहिलंही नाही.

"म्हायतीय मॅडम. ती तशीच बघायची."

खरंच, ती तशीच बघायची. दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा तिनं माझ्याकडं तसंच पाहिलं होतं. मी फडकं हातात घेऊन तिथंच ओल्या फरशीवर बसले, आणि मला रडू आलं.